कच्चे सांधे

१ जानेवारी, गुरुवार

ही डायरी खताच्या दुकानातून आली. दर पानाच्या तळाशी द्राक्षाचा एक घड आणि कुठल्यातरी औषधाचं नाव. आजवर अशा डायरीत नाना दुधाचा रतीब मांडायचे. पावसाळ्यात गाय विकली, तेव्हापासून त्यांना लिहायला काही नाही. मला आहे असं वाटतं. निदान संध्याकाळी वाटतं.

नाना म्हणजे माझे सासरे, भिमाजी. घरात आम्ही दोघंच. माझा नवरा सुदर्शन, त्याला जाऊन वर्ष होत आलं. सकाळी दाढी करताना डोकं दुखतंय म्हणाला आणि पुण्याला पोचायच्या आत गेला. आम्हाला मूल नाही. सासूबाईंना तर मी फोटोतच पाहिलंय.

सुदर्शनची पत्र्याची शेड वारूळवाडीच्या बाहेर, ओढ्याच्या अलीकडे. आता ती मी चालवते. आत एक स्पॉट वेल्डिंगचं मशीन आहे. लोखंडी गज आडवे-उभे एकमेकांवर ठेवायचे, जिथं ते टेकतात ती जागा तांब्याच्या दोन टोकांमध्ये, म्हणजे टिपांमध्ये, धरायची, पायपट्टी दाबायची. वरून दाब येतो, क्षणभर करंट जातो, लोखंड तेवढ्याच जागी वितळून एक होतं. काडी नाही, गॅस नाही. सांध्याला सांधा जोडत गेलं की जाळी तयार.

पूर्वी कोंबड्यांचे पिंजरे व्हायचे. मग बिबटे वाढले आणि सुदर्शनच्या डोक्यात आलं की रानात तळ टाकणाऱ्या मेंढपाळांना घडीचा पिंजरा करून द्यावा. एका खणात मेंढ्या, दुसऱ्या खणात माणसं, वरूनही जाळी. सकाळी पल्ले, म्हणजे जाळीच्या सुट्या बाजू, सोडायचे आणि घोड्यावर लादून पुढं जायचं. "वाघ मोकळा आन् माणसं पिंजऱ्यात," असं म्हणत म्हणत लोक घेऊन जातात. बिबट्याला इथं सगळे वाघच म्हणतात.

लग्नाआधी मी चाकणला गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनतात तिथं तपासणीला होते. काम मला नवं नाही. एकटीनं करणं नवं आहे.

५ जानेवारी, सोमवार

हाताखाली एकच माणूस आहे, जानकू. सुदर्शनपासूनचा. मी गज कापून मांडून देते, तो मशीनवर असतो. आमचं बोलणं कामापुरतं. बरं आहे तेच.

नाना आजही आले. जेवून येतात आणि दाराबाहेर सिमेंटच्या पडलेल्या खांबावर बसतात. आत या म्हटलं तर म्हणाले, "हितं ऊन बरं हाय." शेड त्यांच्या मुलाची. सून ती कशी चालवते यावर त्यांचं लक्ष असणार. तसं बोलून दाखवत नाहीत, पण मला पाठीवर नजर जाणवते.

संध्याकाळी मी कुलूप लावेपर्यंत थांबतात आणि माझ्या मागून चालत येतात, थोडं अंतर ठेवून, काठी आपटत. उसाच्या कडेनं वाट आहे. बरोबर चालावंसं त्यांना वाटत नसावं. तेही बरं. काय बोलायचं हा प्रश्न राहत नाही.

८ जानेवारी, गुरुवार



सकाळी शेडपुढं पिकअप उभी होती. सावळेराम आला होता. दसऱ्यानंतर त्याला पिंजरा दिला होता, तो मेंढपाळ. रामराम नाही, काही नाही. गाडीतून पिंजऱ्याचा एक पल्ला ओढून माझ्या पायाशी टाकला.

"ताई, ह्यो बघा तुमचा माल."

त्यांचा तळ घोडेगावच्या बाजूला, एका उसाच्या शेजारी होता. वाघानं जाळीत पंजा घालून ओढलं. कोपऱ्यातले गज सुटले, तो मेंढरांच्या खणात शिरला. सावळेरामची बायको तानूबाई मधल्या जाळीतून काठीनं ढोसत होती. त्यानं तिचा हात आत ओढला. खांद्यापासून कोपरापर्यंत फाडलाय. त्यांच्या सुनेचं तान्हं तिच्या मागंच निजलं होतं.

"वाघानं तोडलं असतं तर मी शबुद बोललो नसतो," सावळेराम म्हणाला. "त्याचा जोरच त्येवढा. पण ह्ये तुटलं न्हाई ताई. ह्ये सुटलंय."

मी वाकून पाहिलं. खरं होतं. सांधा पक्का असेल तर गज ओढून काढताना शेजारच्या गजाचा लचका घेऊन निघतो. इथं लचका नाही. दोन्ही गजांवर फक्त एक चकचकीत डाग, जणू डिंकानं चिकटवले होते. कच्चे सांधे, आणि ते एक-दोन नव्हते. बाहेरून बघाल तर पक्क्या सांध्यात आणि यात काही फरक दिसत नाही.

त्याला म्हटलं, नवा पिंजरा करून देते. तो म्हणाला, "आधी बायकु घरी येऊ द्या," आणि गेला.

९ जानेवारी, शुक्रवार

जानकूला पल्ला दाखवला. तो बघत राहिला, अंगठा त्या डागावरून फिरवत.

मी विचारलं, टिपा घासत होतास का? दाबाचा काटा रोज बघत होतास का?  विचारता विचारता माझा आवाज चढला. काय काय बोलले ते इथं लिहायची इच्छा नाही. तू माणसं मारशील, असंही बोलले.

तो शेवटी म्हणाला, "असंल वहिनी. चुकलं असंल माझंच. पोरीच्या सोयरिकीच्या गडबडीत व्हतो त्या टायमाला." हातमोजे काढले, मशीनच्या टेबलावर एकावर एक ठेवले आणि सायकल घेऊन गेला.

बाहेरून नाना म्हणाले, "च्या तरी पाजायचा व्हता त्याला."

एक बाई दवाखान्यात पडलीये आणि नानांना चहाचं सुचतंय.

११ जानेवारी, रविवार

दवाखान्यात गेले. नाना म्हणाले, त्यांना नारायणगावात चपलेला टाके घालायचेत, म्हणून तेही गाडीत बसले. चपला पायात होत्या आणि मला तर धड दिसत होत्या.

तानूबाई खाटेवर बसून होती. वयानं माझ्याहून थोडी मोठी असेल. हात छातीशी बांधलेला, चेहरा पिवळा. मी कोण ते सावळेरामनं सांगितलं. वाटलं, शिव्या देईल. त्याच सोप्या गेल्या असत्या.

"त्ये गज तुमच्या मशिनीवर जोडलं व्हतं?"

"हो."

"मंग आता नीट जोडा बाई. मला परत तिथंच निजायचंय."

एवढंच बोलली आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.  बाहेर आले तर व्हरांड्यात नाना पेरूची पिशवी घेऊन बसलेले. म्हणाले, आत नेऊन दे. मी म्हटलं, आता कशाला. मग त्यांनीच नेऊन दिली.

येताना चपलांचं काही निघालं नाही. त्यांना विसर पडत चाललाय.

१३ जानेवारी, मंगळवार

भोसरीतून मोजायची यंत्रं भाड्यानं आणली. एक लवचीक पट्टा आहे, मशीनच्या खालच्या तांब्याच्या हाताभोवती घालायचा, दर सांध्याला किती करंट गेला ते त्याच्या पेटीवर उमटतं. दुसरं दाबाचं, टिपांमध्ये धरायचं.

सांधा तीन गोष्टींवर उभा असतो: करंट किती, किती वेळ, आणि गज किती जोरानं एकमेकांवर दाबलेत. दाब जास्त झाला तर गज इतके घट्ट बसतात की तिथं हवी तेवढी उष्णता होत नाही. कमी झाला तर ठिणग्या उडून लोखंड बाहेर पडतं. टीप झिजून पसरली तर करंट पसरतो. एक बिघडलं की बाकीचं बरोबर असून उपयोग नाही.

दिवसभर मोजलं. दाब बरोबर. वेळ बरोबर. जानकूच्या टिपा थोड्या पसरलेल्या, पण चालण्यासारख्या. करंट नऊ हजार अँपिअर, कधी थोडा वर, कधी थोडा खाली. जोडलेले गज पकडीत धरून फोडून पाहिले. सगळे लचका घेऊन निघाले.

म्हणजे मशीन बरोबर आहे. मग ते सांधे कच्चे कसे?

ज्या माणसाला बोलून घालवला त्याच्याविरुद्ध एकही आकडा सापडला नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शेजारच्या घरी हळदीकुंकू होतं. बायकांचा आवाज येत होता. आमच्या दारावरून जाताना जरा हळू बोलत होत्या.

दुपारी शेडमध्ये डबा उघडला तर भाकरीवर कागदात बांधलेले तिळाचे लाडू. नानांनी ठेवले असणार. त्यांना साखर चालत नाही. वाया जायला नको म्हणून माझ्या डब्यात घातले असतील.

१६ जानेवारी, शुक्रवार

सापडलं.

सकाळपासून मी एकटीच मशीनवर होते. नव्या टिपा, मोजलेला दाब, मोजलेला वेळ. पहिले काही सांधे नऊ हजारावर गेले. मग ओढ्याकडच्या विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्याचा आवाज आला. एक झाली, मग दुसरी, मग सगळीकडून. मी पायपट्टी दाबली. पेटीवर आकडा आला सात हजार चारशे.

वाटलं, पट्टा सरकला. नीट बसवला, परत दाबलं. सात हजार तीनशे.

ज्या डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, शेडला लाइट येते, तिच्यावरच या मोटारी आहेत. शेतीची लाइट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. मंगळवारी मी मोजलं तेव्हा ती रात्रीची होती, म्हणून सगळं बरोबर आलं. आज दिवसाची आहे. सगळ्यांचे कांदे, गहू एकाच वेळी पाणी पितात आणि माझ्या मशीनचं व्होल्टेज खाली बसतं. करंट पाचव्या हिश्श्यानं उतरला तर उष्णता तेवढीच उतरत नाही. करंटला करंटनंच गुणावं लागतं. एक तृतीयांशाहून जास्त उष्णता गेली. गज वितळायच्या ऐवजी नुसते चिकटले.

दोन्ही सांधे फोडले. पहिल्यानं लचका घेतला. दुसरा टक् करून सुटला, तोच चकचकीत डाग.

मग आठवलं. मोटारी चालू झाल्या की सुदर्शन मशीन बंद करायचा आणि जानकूला घेऊन चहाला बसायचा. "आता हिला दम नाही," असं म्हणायचा. मला वाटायचं, कामाचा कंटाळा. तो गेल्यावर मीच जानकूला सांगितलं की दिवसभरात मधेच मशीन बंद ठेवायचं नाही.

सुदर्शन असता तर मी इथून ओरडून सांगितलं असतं. बाहेर नाना होते, खांबावर, डोळे मिटून. त्यांना यातलं काय कळणार. मग कुणालाच सांगितलं नाही. मशीन बंद केलं आणि बसून राहिले.

१७ जानेवारी, शनिवार

सुदर्शन गेल्यापासून ज्यांना ज्यांना पिंजरे दिले त्या सगळ्यांना फोन केले. काय झालं ते सांगितलं. मी येऊन प्रत्येक सांधा तपासून जाईन, तोवर त्यात निजू नका. एकानं शिव्या घातल्या. एक म्हातारा म्हणाला, "मंग निजायचं कुठं, त्ये बी सांगा." 

मशीनसाठी नवा कंट्रोलर मागवला. व्होल्टेज खाली गेलं तरी तो करंट स्वतः सावरून धरतो. यायला वेळ लागेल.

२० जानेवारी, मंगळवार

ओतूर, आणि तिथून वर आणे पठारावर.

सांधा न तोडता तपासायचा म्हणून पहारीच्या टोकाला वजनकाटा बांधलाय. गजाखाली पहार घालायची, काट्यावर ठरलेला जोर येईस्तोवर ओढायचं. टिकला तर खडूची खूण. सुटला तर सुटला. एका पिंजऱ्याला किती सांधे असतात ते जोडताना कळत नाही.

नानांना ओतूरला कुणालातरी भेटायचं होतं, म्हणून आले. तिथं पोचल्यावर म्हणाले, तो माणूस गावाला गेलाय. मग माझ्याबरोबर पठारावर. वारा असा की बोललेलं ऐकू येईना. एकटीनं पहारही ओढायची आणि काटाही वाचायचा हे मला जमेना, तेव्हा त्यांनी न सांगता पहार हातात घेतली. मी आकडा वाचायचा, त्यांनी ओढायचं. दोन पल्ले निघाले कच्चे. टक् आवाज झाला की ते थांबायचे, माझ्याकडं बघायचे नाहीत.

या वयात त्यांना एवढा त्रास नको होता. पण घरी बसा म्हटलं तर ऐकत नाहीत.

२४ जानेवारी, शनिवार

घोडेगाव, मंचरच्या बाजूचे पिंजरे झाले. नानांना घोडेगावला काम होतं. ते झालं का, मी विचारलं नाही.

परत येताना ओतूरकडं गाडी वळवली. जानकू तिथं कांद्याच्या आडतीवर लागलाय असं कळलं होतं. गोण्या शिवत होता. मला बघून उठला.

मी सांगितलं, तुझं काही चुकलं नव्हतं. व्होल्टेज होतं. मशीन बंद ठेवू नको, हे मीच तुला सांगितलं होतं. परत ये.

त्यानं हातातली सुई टोपीत खोवली. "म्हंजी माझ्या हातनं न्हाई झालं?"

"नाही."

तो खाली बसला.  मग म्हणाला, "घरी सांगतो. बायकु झोपत न्हाई तवापासून. मी बी न्हाई."

मी परत विचारलं, सोमवारपासून येशील का?

"न्हाई वहिनी. राग न्हाई, खरंच न्हाई. हितं चार माणसं हायेत. कोन शिव्या देतं, कोन हासतं. तिथं दिसभर मशिनीचा आवाज आन् तुमी. तुमी बोलत न्हाई वहिनी. सुदर्शनभाऊ गेले तवापासून न्हाईच बोलत. मला लई जड व्हायचं."

मी त्याच्याशी रोज बोलत होते. गज किती, माप किती, सगळं मीच सांगत होते. तो असं का म्हणाला कळलं नाही.

नाना त्याच्याबरोबर चहा प्यायले. गाडीत बसताना दोघं हसत होते. कशावर, ते मला कुणी सांगितलं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

सावळेरामसाठी नवा पिंजरा. लाइट रात्रीची आहे, तेव्हा दिवसा काम करता येतं. एकटीच. पायपट्टी दाबायची, मान वळवून पेटीवरचा आकडा बघायचा, परत मान वळवायची. मान आखडली. दर पल्ल्याला एक जादा सांधा जोडून तो फोडून बघते.

शेडमध्ये अधूनमधून वाजायचा तो रेडिओ जानकूचा होता हे आता कळतंय. घेऊन गेला, तेव्हा शेड एवढी मोठी आहे हे लक्षात आलं.

३० जानेवारी, शुक्रवार

पिंजरा द्यायला गेले. सावळेरामचा तळ आता घोडेगावच्या अलीकडे, कापणी झालेल्या एका रानात. नाना बरोबर होते. आज त्यांनी काही काम सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तानूबाई घरी आलीये. हात अजून गळ्यात. मी पल्ले उभे करत होते तशी ती जवळ आली, नीट बघून घेतलं, मग नवऱ्याला म्हणाली, "पहार घाल." सावळेरामनं मी दाखवल्यासारखं काट्यावर बघून ओढलं. सांधा टिकला. "त्यो काटा सोडा. जोरानं घाल." त्यानं आणि त्याच्या पोरानं दोघांनी मिळून ओढलं. गज वाकला. सांधा तसाच. तानूबाईनं पुढं होऊन वाकलेल्या गजावर चांगल्या हातानं थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी.

"आता बसा. जेवून जायचं."

मी म्हटलं, आधी मागच्या बाजूचे नटबोल्ट आवळते. तिकडं मेंढ्यांच्या लोकरीचा ढीग होता, त्याच्या आडोशाला मी पाना लावत होते. नाना आणि तानूबाई पलीकडं चुलीपाशी बसले होते. मी तिथं आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

"सून का तुमची?"

"सून हाय."

"चांगली सोबत हाय म्हना तुमाला."

"तिची मला हाय," नाना म्हणाले. "माझी तिला कसली? ती शिकल्याली. मी आपला तिच्या मागं मागं फिरतो, काय बाय काम काढून. घरात बसवत न्हाई मला, बाई. पोराचं सामान समदं जिथल्या तिथं. भित्तीकडं किती बघणार? आन् सांजच्याला ती उसातनं एकटी येती. म्हनून जातो. काठी वाजवीत येतो मागनं. मी पुढं चाललो तर तिला आवडायचं न्हाई, म्हनून मागनं."

"बोला की मंग तिच्यासंगं."

"काय बोलू? त्याचं नाव निघंल. ती रडंल. मी बी रडंन."

पाना हातात तसाच धरून मी उभी राहिले. नट आवळून झाला होता.

मग सगळ्यांबरोबर जेवले. बाजरीची भाकरी, वांग्याचं कोरड्यास. तानूबाईच्या सुनेनं बाळ माझ्या मांडीवर टाकलं आणि वाढायला गेली. ते माझी बोटं धरून झोपलं. गाडीत मी नानांना म्हणाले, "उद्या गारवा आहे, कानाला बांधून या." ते म्हणाले, "बरं." 

२ फेब्रुवारी, सोमवार

आज नाना दुपारी आले आणि खांबाकडं निघाले. मी म्हटलं, "नाना, आत या. माझी मान आखडलीये. पेटीवरचा आकडा वाचायला कुणीतरी हवंय."

"मला वाचता ईल?"

"येईल. फक्त पहिले दोन आकडे वाचायचे. नव्वद असले की बरोबर. ऐंशीच्या खाली आले की मला थांबवा."

त्यांनी टोपी काढून खुर्चीच्या पाठीला अडकवली, चष्मा पुसला आणि पेटीपुढं बसले, परीक्षेला बसल्यासारखे. मी पायपट्टी दाबली.

"नव्वद."

परत दाबली.

"एक्क्याण्णव. नव्वद. परत नव्वद. एकोणनव्वद, चालंल का? नव्वद."

मला वळून बघायची गरजच राहिली नाही. गज सरकवायचा, दाबायचं, आणि मागून आवाज यायचा. शेडमध्ये दुसऱ्या माणसाचा आवाज असला की हात वेगळे चालतात हे मी विसरून गेले होते. काही वेळानं ते रंगात आले. दोन आकडे सारखे आले की "जुळं" म्हणायला लागले. मला हसू आलं, आणि ते त्यांना ऐकू गेलं असावं, कारण पुढचा आकडा त्यांनी जरा मोठ्यानं वाचला.

मग विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या. आज लाइट दिवसाची आहे हे मी विसरले होते. माझं लक्ष गजावर होतं. पाय खाली गेला.

"थांब रे! चौऱ्याहत्तर! थांब की रे, सुदा!"

मी पाय उचलला. मशीन शांत झालं. लांबून फक्त मोटारींचा आवाज येत होता.

मी मागं वळले नाही.  मागून नानांचा श्वास ऐकू येत होता. बोलायचं मीच, नाहीतर ते टोपी घेऊन बाहेर खांबावर जाऊन बसतील आणि उद्या येणार नाहीत, असं मला वाटलं.

"थांबले, नाना," मी म्हणाले.

मग स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. त्यांचे डोळे भरले होते, माझेही. दोघांपैकी कुणी पुसले नाहीत. मोटारी बंद होईस्तोवर काम करता येणार नव्हतंच.

मग त्यांनी विचारलं, "मोटारी लागल्या की त्यो काय करायचा गं?"

"मशीन बंद करायचा. जानकूला घेऊन चहाला बसायचा. मी म्हणायचे, आळशी आहेस."

"लहानपनापास्नं तसाच व्हता," नाना म्हणाले. "नांगर मधीच सोडून झाडाखाली जाऊन बसायचा. बैलांना दम खाऊ द्या म्हनायचा. बैल कुठलं दमल्यालं?"

ही गोष्ट मला माहीत नव्हती. मी म्हटलं, मग? मग त्यांनी पुढचं सांगितलं, आणि त्याच्यावरून मला चाकणच्या एसटी स्टँडवरचं आठवलं, ते मी सांगितलं. आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यानं माझ्यासाठी धरून ठेवलेली जागा दुसऱ्याच बाईला देऊन टाकली होती. नाना हसले, मग रडले, मग परत हसले.

बाहेर मोटारी कधी बंद झाल्या, आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.